पक्षाघात : ओसरलेली लक्षणेही धोक्याचीच

जेवताना हातातील घास गळून पडतो, बोलताना जीभ अडखळते किंवा एका डोळ्यापुढे क्षणभर अंधार येतो. दहा-पंधरा मिनिटांत सारे पूर्ववत होते. ‘पित्त झाले असेल’ असे म्हणून माणूस कामाला लागतो. मात्र ही पक्षाघाताची पूर्वसूचना असू शकते. अशा तात्पुरत्या झटक्यानंतर मोठा झटका येण्याचा धोका पहिल्या दोन दिवसांत सर्वाधिक असतो. म्हणूनच लक्षणे ओसरली तरी त्याच दिवशी, विनाविलंब रुग्णालयात तपासणी करून घ्यावी.

पक्षाघात का होतो?
मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकल्यास किंवा वाहिनी फुटल्यास त्या भागाचा रक्तपुरवठा बिघडतो आणि पेशी मरू लागतात. बहुसंख्य रुग्णांमध्ये गुठळी हेच कारण असते. उच्च रक्तदाब हा सर्वांत मोठा धोका. तो बहुधा कोणताही त्रास देत नाही, म्हणूनच दुर्लक्षित राहतो. मधुमेह, धूम्रपान, मद्यपान, वाढलेले कोलेस्टेरॉल, स्थूलता व हृदयाचे अनियमित ठोके यांमुळेही धोका वाढतो.

धोका कसा कमी कराल?
* रक्तदाब नियमित तपासा. ‘आता बरे वाटते’ म्हणून गोळ्या परस्पर बंद करू नका.
* दिवसभरात मीठ ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे चमचाभरापेक्षा कमी असावे. लोणचे, पापड, फरसाण यांतील मीठही त्यात मोजा.
* आठवड्यातून किमान १५० मिनिटे भरभर चाला.
* विडी, सिगारेट, तंबाखू, मिश्री पूर्णपणे सोडा.
* मधुमेह आटोक्यात ठेवा.

झटका आल्यास
चेहरा एका बाजूला वाकडा होणे, एक हात वर न उचलणे, बोलणे अस्पष्ट होणे किंवा अचानक तोल जाणे, यांपैकी एक लक्षण दिसले तरी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा आणि सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठा. गुठळी विरघळवणारे औषध सर्वसाधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. त्यामुळे लक्षणे कधी सुरू झाली, ती वेळ टिपून ठेवा. रुग्णाला खाऊपिऊ घालू नका. ॲस्पिरिनही स्वतःहून देऊ नका, कारण रक्तस्राव असल्यास ती घातक ठरू शकते. तेल चोळण्यात गेलेला वेळ भरून काढता येत नाही.