सायंटिफिक लिनक्स : एका सार्वजनिक प्रतीचा इतिहास

राजवंशांच्या उदयास्ताचे इतिहास पुष्कळ लिहिले जातात. परंतु ज्या साधनांच्या आधारानें विद्वानांचीं रोजचीं कामें चालतात, त्यांचा इतिहास लिहिण्याच्या भरीस सहसा कोणी पडत नाहीं. ग्रंथकर्त्याच्या चरित्रांत कागद कोणीं केला व शाई कोणीं घोटली याचा उल्लेख येत नाहीं. ३० जून २०२४ रोजीं अशाच एका साधनाची मुदत संपली. त्याचें नांव सायंटिफिक लिनक्स. वीस वर्षें तें प्रयोगशाळांच्या गणनगृहांत व अभ्यासकांच्या मेजांवर वावरत होतें. गेलें तेव्हां फारसा गाजावाजा झाला नाहीं. परंतु तें कां जन्मास आलें, कसें उपयोगी पडलें व कां संपलें याचा विचार केला असतां, फुकट मिळणाऱ्या वस्तूची किंमत अखेर कोण देतो, या प्रश्नावर बराच प्रकाश पडतो. म्हणून प्रस्तुत लेखाचा प्रपंच.

संगणकाचें नुसतें यंत्र असून भागत नाहीं. दाबलेलें अक्षर पडद्यावर उमटविणें, लिहिलेलें टिपण तबकडीवर जपून ठेवणें, एकाच वेळीं चाललेल्या दहा कामांस यंत्राचा वेळ वांटून देणें, हीं कामें करणाऱ्या आज्ञावल्यांच्या समूहास कार्यप्रणाली म्हणतात. आज्ञावली मनुष्य ज्या रूपांत लिहितो, त्यास मूळ संहिता म्हणूं. यंत्रास समजावें म्हणून तिचें जें रूपांतर करतात, तें माणसास सहज वाचतां येत नाहीं. व्यापारी कंपन्यांची जुनी रीत अशी कीं, रूपांतर विकावें आणि संहिता कुलुपांत ठेवावी. या रीतीविरुद्ध अमेरिकेंत रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८३ मध्यें ग्नू नांवाचा उपक्रम जाहीर केला व १९८९ मध्यें एक परवाना सिद्ध केला. त्याचा इत्यर्थ असा कीं, ही आज्ञावली कोणीहि वापरावी, वाचावी, बदलावी व नकलून दुसऱ्यास द्यावी; मात्र ज्यास द्यावयाची त्यास तिची संहिता व तेच हक्कहि द्यावे. १९९१ मध्यें हेलसिंकी विद्यापीठांतील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें लिनक्स नांवाचा कार्यप्रणालीचा गाभा लिहिला आणि पुढच्याच वर्षीं तो या परवान्याखालीं आणला. गाभा, ग्नूचीं साधनें, पडद्यावरील खिडक्या, लेखनाच्या व हिशेबाच्या आज्ञावल्या, यांच्या परस्परांशीं जुळणाऱ्या आवृत्त्या निवडून जो संच बांधतात, त्यास वितरण ही संज्ञा आहे. १९९३ मध्यें निघालेलें डेबियन हें स्वयंसेवकांचें वितरण. त्याच दशकांत पुढें आलेलें रेड हॅट हें एका कंपनीचें.

आतां प्रयोगशाळेकडे वळूं. शिकागो शहरानजीक बटेव्हिया येथें अमेरिकन सरकारच्या पैशावर चालणारी फर्मीलॅब नांवाची संस्था आहे. मूलकणांच्या टकरी घडवून त्यांतून निघणाऱ्या कणांचा माग काढणें हें तिचें काम. १९९५ मध्यें टॉप क्वार्क या कणाचा शोध तेथेंच लागला. अशा प्रयोगांत एकेक टक्कर दुसरीपासून स्वतंत्र असते. एकीचें गणित करण्यास दुसरीच्या उत्तराची वाट पाहावी लागत नाहीं. त्यामुळें एका प्रचंड यंत्राऐवजीं शेंकडों साधीं यंत्रें ओळीनें मांडून काम वांटून दिलें तरी चालतें. या मांडणीस तिकडे शेत असेंच म्हणतात. पूर्वीं या शेतांत युनिक्स जातीचीं महाग यंत्रें लागत. बाजारांतील साधा संगणक लिनक्सच्या साह्यानें तेंच काम थोडक्या पैशांत करतो असें दिसून आल्यावर शास्त्रज्ञांचें लक्ष तिकडे वेधलें. १९९८ च्या सुमारास कॉनी सी या बाईंनीं रेड हॅटच्या वितरणास आपल्या संस्थेच्या गरजेच्या जोडण्या देऊन फर्मी लिनक्स सिद्ध केलें. जिनेव्हाजवळील सर्न या युरोपीय संस्थेनेंहि रेड हॅटवरूनच आपलें वितरण बेतलें होतें.

हा क्रम सुरळीत चालला असतां २००३ मध्यें खीळ बसली. रेड हॅट कंपनीनें आपलें फुकट मिळणारें वितरण बंद करण्याचें ठरविलें. त्याची नववी आवृत्ति मार्च २००३ मध्यें निघाली, ती शेवटची ठरली. एप्रिल २००४ नंतर तिच्या दुरुस्त्या मिळणार नाहींत असें कंपनीनें कळविलें. पुढें जें मिळावयाचें तें एंटरप्राइझ लिनक्स. तें टिकाऊ व दीर्घ मुदतीचें खरें, पण दर यंत्रामागें दर वर्षास वर्गणी घेणारें. शिवाय फेडोरा नांवाचें एक फुकट वितरण सुरू झालें. परंतु त्याच्या आवृत्त्या इतक्या झपाट्यानें बदलत कीं वर्षानुवर्षें चालणाऱ्या प्रयोगास त्याचा भरवसा धरतां येईना. ज्या संस्थेच्या शेतांत हजारों यंत्रें, तिनें दर यंत्रामागें पैसे मोजावयाचे म्हणजे प्रयोगाच्या खर्चासच हात घालावयाचा.

या वेळीं परवान्याचें कलम कामास आलें. एंटरप्राइझ लिनक्सचें तयार रूपांतर विकत घ्यावें लागे. परंतु त्याची मूळ संहिता कंपनीनें सर्वांस खुली ठेविली होती. फर्मीलॅबनें ती घेतली, तींतील कंपनीचें नांव व बोधचिन्हें काढून टाकलीं, कारण व्यापारी चिन्हांवर परवान्याचा हक्क पोहोंचत नाहीं, आणि सर्व रूपांतर स्वतः नव्यानें केलें. हेंच काम सर्नमध्यें व इतरत्र निराळें निराळें करण्यांत अर्थ नव्हता. म्हणून एक समाईक पाया असावा व त्यावर प्रत्येक संस्थेनें आपापली भर घालावी असें ठरलें. १० मे २००४ रोजीं सायंटिफिक लिनक्सची पहिली आवृत्ति प्रसिद्ध झाली. कॉनी सी व ट्रॉय डॉसन हीं तिच्या कर्त्यांत प्रमुख होत. ती प्रयोगशाळांपुरती राखून न ठेवतां जगांतील कोणासहि मोफत घेऊं दिली, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

एकच प्रत सर्वांनीं वापरावी हा आग्रह कां, अशी शंका सहज येईल. संगणकांत अपूर्णांक ठराविक अंकांपर्यंतच मावतो. पुढचा भाग तोडावा लागतो. ज्या, कोज्या वगैरे काढणाऱ्या आज्ञावल्यांची आवृत्ति किंचित् बदलली, तरी उत्तराचा शेवटचा अंक बदलूं शकतो. एका बेरजेंत त्याचें महत्त्व नाहीं. परंतु कोट्यवधि टकरींच्या गणितांत, एखादा कण मर्यादेच्या आंत कीं बाहेर हा निर्णय त्या शेवटच्या अंकावर अडूं शकतो. मग उत्तरांतील फरक निसर्गाचा कीं यंत्राचा, हें कसें ठरवावें? एका देशांत केलेलें गणित दुसऱ्या देशांत पडताळून पाहावयाचें तर दोन्ही ठिकाणचा पाया एकच असला पाहिजे. जुन्या काळीं पोथीची नक्कल करणारा कानामात्रेस जपे, तोच हा काटेकोरपणा होय.

या काटेकोरपणाचें फळ सर्नच्या महायंत्राच्या प्रयोगांत दिसून आलें. २७ किलोमीटर परिघाच्या त्या यंत्रांतून निघणारी माहिती एका ठिकाणीं मावणारी नव्हती. म्हणून चाळीसांहून अधिक देशांतील सुमारें १७० गणनकेंद्रांचें एक जाळें विणण्यांत आलें. प्रयोगांच्या आज्ञावल्या सायंटिफिक लिनक्सवर तपासून घेतलेल्या असत. त्यामुळें जाळ्यांत येणाऱ्या केंद्रास तें किंवा त्याच्याच जातीचें वितरण बसविणें भाग पडे. आपल्या देशांतील दोन केंद्रें या जाळ्यांत आहेत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचें केंद्र सीएमएस नांवाच्या प्रयोगाचें काम करतें, व कोलकात्याचें ॲलिस प्रयोगाचें. ४ जुलै २०१२ रोजीं हिग्ज कणाचा शोध जाहीर झाला, त्यामागील गणिताचा फार मोठा भाग या जाळ्यानें उचलला होता. त्या दिवशीं संशोधकांचीं नांवें जगभर गाजलीं; त्यांच्या यंत्रांत कोणती प्रणाली चालत होती, हें विचारण्याचें कारण कोणास पडलें नाहीं.

मेजावरील उपयोगाचीहि गोष्ट सांगितली पाहिजे. सायंटिफिक लिनक्स हें केवळ गणनगृहांतील यंत्रांसाठीं नव्हतें. त्यांत पत्रव्यवहार करावा, जाळ्यावरील पानें चाळावीं, तक्ते मांडावे, डोनाल्ड नूथ यांच्या टेख या अक्षरजुळणीच्या आज्ञावलींत निबंध लिहावा, आणि त्याच खिडकीशेजारीं दुसरी खिडकी उघडून सर्नमध्यें जन्मलेल्या रूट या आज्ञावलीनें प्रयोगाचे आलेख काढावे, अशी सर्व सोय होती. जी आज्ञावली आपल्या मेजावर चालली ती तशीच हजार यंत्रांच्या शेतांत चालेल, ही खात्री अभ्यासकास मोठी वाटे. परंतु या स्थैर्याची किंमतहि होती. टिकाऊ म्हणजे जुनें. २०११ मध्यें निघालेल्या सहाव्या आवृत्तींत पायथॉन या भाषेचें २.६ हें रूप होतें, व २०२० मध्यें त्या आवृत्तीची मुदत संपेपर्यंत तेंच तिचें अंगभूत रूप राहिलें. दरम्यान त्या भाषेची दुसरी पिढी संपूर्ण निवृत्त होऊन गेली होती. तरुण अभ्यासकास नव्या आज्ञावल्या हव्या असत. त्यांसाठीं त्यास आडवाटा शोधाव्या लागत. नवा संगणक घेतला तर त्याचे भाग जुना गाभा ओळखीलच असा भरवसा नसे. प्रयोगास स्थैर्य हवें आणि संशोधकास नवेपण हवें. हा विरोध या वितरणास अखेरपर्यंत सोडवितां आला नाहीं, आणि आमच्या मतें तो कोणासहि पुरता सोडवितां येणार नाहीं.

या सर्वांमागें मोजक्या माणसांचे श्रम होते. एखादी आवृत्ति प्रसिद्ध केली म्हणजे काम संपलें असें नव्हे. प्रणालींत चोरवाट सांपडली कीं तिची दुरुस्ती घ्यावयाची, रूपांतर करावयाचें, पारखावयाचें व तत्काळ वांटावयाचें. हें एका आवृत्तीपुरतें दहा वर्षें आणि एका वेळीं दोन-तीन आवृत्त्यांपुरतें. या मंडळींनीं आपल्या आवृत्त्यांस मूलद्रव्यांचीं नांवें दिलीं होतीं. जो आवृत्तीचा क्रमांक तोच द्रव्याचा अणुक्रमांक. चौथी बेरिलियम, पांचवी बोरॉन, सहावी कार्बन, सातवी नायट्रोजन. आठव्या जागीं ऑक्सिजन यावयाचा. तो आला नाहीं.

त्याचें असें झालें. सेंटओएस नांवाचें दुसरें एक वितरण याच रीतीनें त्याच संहितेवरून निघत असे. २०१४ मध्यें रेड हॅट कंपनीनेंच त्यास आपल्या आश्रयाखालीं घेतलें. दोन ठिकाणीं एकच काम कशासाठीं, असा प्रश्न उभा राहिला. सातव्या आवृत्तीच्या वेळीं सर्ननें सेंटओएसचा मार्ग धरला. एप्रिल २०१९ मध्यें फर्मीलॅबनेंहि जाहीर केलें कीं, सहकारी संस्थांशीं एकच पाया राखण्यासाठीं आठवी आवृत्ति न काढतां सेंटओएस वापरूं. निर्णय विचारपूर्वक होता. दुसऱ्याच्या घरीं तेंच मोफत मिळत असतां स्वतः राबणें कोणास शहाणपणाचें वाटेल? परंतु डिसेंबर २०२० मध्यें रेड हॅटनें सेंटओएसची आठवी आवृत्ति २०२१ अखेर बंद करण्याचें घोषित केलें. तिची मुदत २०२९ पर्यंत चालेल अशी लोकांची समजूत होती. ज्या खांबास टेकण्यासाठीं स्वतःचा खांब उतरविला, तो वीस महिन्यांत हालला. पुढें नव्यानें निघालेल्या अल्मालिनक्स या वितरणाचा दोन्ही संस्थांनीं डिसेंबर २०२२ मध्यें पुरस्कार केला. जून २०२३ मध्यें रेड हॅटनें एंटरप्राइझ लिनक्सची संहिता पूर्वींसारखी सर्वांपुढें मांडण्याचेंहि बंद केलें. परवाना इतकेंच म्हणतो कीं, ज्यास प्रत दिली त्यास संहिता द्यावी. साऱ्या जगास द्यावी असें तो म्हणत नाहीं. २००४ मध्यें जी संहिता सर्वांस मिळाली, तींत कायद्याइतकाच कंपनीच्या सौजन्याचाहि भाग होता, हें एकोणीस वर्षांनीं सर्वांस उमगलें.

यावरून कंपनीस दोष देऊन मोकळें होणें सोपें आहे. परंतु तें न्यायाचें होणार नाहीं. दहा दहा वर्षें दुरुस्त्या करणारीं माणसें त्या कंपनीनें पगार देऊन ठेविलीं होतीं, आणि त्यांच्या श्रमावर शास्त्रज्ञांनीं वीस वर्षें काम भागविलें, हेंहि खरें. आमचें म्हणणें एवढेंच कीं, नकलण्याचा हक्क आणि सांभाळण्याची शक्ति या दोन वस्तु आहेत. पहिली परवान्यानें मिळते. दुसरी माणसें राबल्यावांचून मिळत नाहीं. गांवची विहीर सर्वांस मोकळी असली, तरी गाळ काढण्याची पाळी कोणाची हें ठरलें नसेल, तर मोकळेपणाचा उपयोग फार दिवस होत नाहीं.

जुन्या प्रयोगांची माहिती आजहि तबकड्यांवर जतन केलेली आहे, व ती पुन्हा तपासण्याची वेळ येते. तेव्हां नव्या प्रणालीच्या पोटांत जुन्या सायंटिफिक लिनक्सची बंदिस्त पेटी ठेवून तींत त्या वेळच्या आज्ञावल्या चालवितात. मुदत संपलेली ती प्रत अशा रीतीनें अद्याप कामास येते. आणि ती उघडतां येते याचें कारण हेंच कीं, २००४ मध्यें बटेव्हिया येथील कांहीं माणसांनीं नकलण्याच्या हक्काबरोबर सांभाळण्याचें ओझेंहि आपल्या शिरावर घेतलें होतें.