कान सरकारचा, कळ कोणाच्या हाती?

कंत्राट हा शब्द आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांना नवा नाही. गेली तीस वर्षे आम्ही कंत्राटेच वाचत आलो. शाळा लवकर सुटली. इंग्रजी आम्ही कारखान्याच्या दारावरच्या नोटिसा वाचून शिकलो. त्या वाचनातून एक गोष्ट मनात पक्की झाली. कायदा सांगतो की काय करावे. कंत्राट सांगते की ते कोणी करावे, किती पैशांत करावे आणि बिघडले तर कोणाला जाब विचारावा. आज ज्या विषयावर आम्ही बोलणार आहोत तो दूरदेशीचा, मुख्यतः अमेरिकेतला आहे. न्यायालयाच्या हुकुमाने नागरिकाचा टेलिफोन ऐकण्याची यंत्रसामग्री तेथील सरकारने कंपन्यांकडून पैसे मोजून कशी तयार करवून घेतली, त्याचा हा इतिहास आहे. टेलिफोन ऐकणे योग्य की अयोग्य, यावर विद्वानांनी पुष्कळ वाद घातला आहे. आमचा प्रश्न साधा आहे. ऐकण्याची कळ दाबतो कोण?

या कथेचा आरंभ दारूबंदीच्या काळात होतो. सिॲटल शहरी रॉय ऑल्मस्टेड नावाचा एक बडा दारूचा व्यापारी होता. सरकारी माणसांनी त्याच्या घरात पाऊल टाकले नाही. रस्त्यावरच्या आणि कचेरीच्या तळघरातल्या तारांना आपल्या तारा जोडल्या आणि जवळजवळ पाच महिने संभाषणे टिपून घेतली. टंकलिखित पाने भरली ७७५! १९२८ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निर्णय दिला की घरात शिरल्यावाचून केलेले हे ऐकणे घटनेच्या विरुद्ध नाही. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, त्या खटल्यात टेलिफोन कंपन्यांनी न्यायालयापुढे स्वतंत्र निवेदन करून या ऐकण्याला विरोध केला होता. ग्राहकाचे बोलणे गुप्त राखणे हा आपल्या धंद्याचा पाया आहे, अशी तेव्हा त्यांची भूमिका होती.

ही भूमिका पुढे पालटली. १९६७ साली न्यायालयाने आपलेच जुने मत बदलले आणि १९६८ च्या कायद्याने गंभीर गुन्ह्यांच्या तपासासाठी न्यायाधीशाच्या हुकुमाने ऐकण्याची वाट घालून दिली.  १९७० च्या दुरुस्तीने हुकूम आल्यावर तांत्रिक साहाय्य देणे कंपनीला बंधनकारक झाले, आणि त्या मदतीचा मोबदला कंपनीला मिळावा, हेही ठरले. एकूण, १९२८ साली विरोध करणारी कंपनी बेचाळीस वर्षांत बिल पाठविणारी कंपनी झाली. यात आम्ही कोणाला दोष देत नाही. कायद्याने नेमून दिलेले काम फुकट का करावे? पण बिल आले की धंदा आला, आणि धंदा आला की त्याच्या मागोमाग कंत्राट येते.

त्या काळी हे काम हातांनी होई. प्रत्येक ग्राहकाच्या घरून एक्सचेंजपर्यंत तांब्याच्या तारांची एक जोडी जात असे. त्या जोडीला दुसरी जोडी लावली की ऐकण्याची सोय झाली. पक्कड हातात असलेला एक कामगार ते करू शके. आणि करणाऱ्याला ठाऊक असे की आपण काय करीत आहोत.

पुढे एक्सचेंजमध्ये संगणक आला, काचतंतू आला, खिशातला टेलिफोन आला. तारांची जोडी धरून ऐकण्याचे दिवस संपत आले. फेडरल ब्यूरो ऑफ इन्व्हेस्टिगेशन, म्हणजे तेथील केंद्रीय तपास खाते, काँग्रेसपुढे गेले आणि म्हणाले की, न्यायाधीशाचा हुकूम हाती असूनही आम्ही बहिरे होऊ लागलो आहोत. २५ ऑक्टोबर १९९४ रोजी अध्यक्ष क्लिंटन यांनी नव्या कायद्यावर सही केली. ‘कॅलिया’ या आद्याक्षरांच्या नावाने तो ओळखला जातो. यापुढे टेलिफोनचे यंत्र घडविताना ऐकण्याची सोय त्यातच बसवावी, असे त्याने सांगितले. १ जानेवारी १९९५ पर्यंत बसलेल्या यंत्रांच्या दुरुस्तीचा खर्च सरकारने द्यावा, आणि त्यासाठी ५० कोटी डॉलरपर्यंत रक्कम असावी, असे ठरले.

याच कायद्यात एक छोटे कलम आहे, १०५ क्रमांकाचे. एक्सचेंजच्या आत कोणाचेही बोलणे ऐकण्याची क्रिया सुरू व्हावयाची ती कायदेशीर हुकुमाने तर खरीच. पण त्याबरोबर कंपनीच्या एखाद्या अधिकाऱ्याने वा नोकराने स्वतः हात घातल्यावाचून ती सुरू होता कामा नये, असे ते सांगते. सरकारला परस्पर कळ दाबता येऊ नये, मध्ये एक पगारी माणूस उभा असावा, हा त्याचा अर्थ. आम्हांला साऱ्या कायद्यात हे कलम मोलाचे वाटते.

आता कंत्राटाकडे येऊ. सरकारने यंत्राचा आराखडा ठरवू नये, असे कायदा म्हणतो. उद्योगाने डिसेंबर १९९७ मध्ये आपला नमुना जाहीर केला. खात्याला तो अपुरा वाटला; त्याने नऊ जादा मागण्यांचे पत्रक पुढे केले. मागण्यांचे पत्रक ही वस्तू आमच्या ओळखीची आहे! १९९९ साली संचार आयोगाने त्यांतल्या सहा मान्य केल्या, २००० साली अपील न्यायालयाने चार फेरविचारासाठी परत धाडल्या, आणि २००२ साली आयोगाने त्या पुन्हा मान्य केल्या. पैशांची वाट अशी निघाली: हजारो टेलिफोन कंपन्यांशी वेगवेगळा हिशेब करण्याऐवजी खात्याने नॉर्टेल, ल्यूसेंट यांसारख्या मोजक्या यंत्रनिर्मात्यांशी करार केले, ऐकण्याच्या आज्ञावलीचे परवाने विकत घेतले आणि टेलिफोन कंपन्यांना ते विनामूल्य वापरू दिले. व्यवहार म्हणून हे शहाणपणाचे होते. पण त्यामुळे यंत्राचे मर्म जाणणारा माणूस एक्सचेंजमधून निर्मात्याच्या कचेरीत गेला. पुढे हा कायदा इंटरनेटच्या सेवेलाही लागू झाला, आणि २००६ साली आयोगाने मान्य केले की लहान कंपन्यांनी हे काम तिऱ्हाईत विश्वासू कंपनीकडून करून घेतले तरी चालेल. जबाबदारी मूळ कंपनीची, हात मात्र तिऱ्हाइताचा.

कंत्राटाची गंमत २००८ साली दिसली. न्याय खात्याच्या महानिरीक्षकाने तपासलेल्या ९९० बिलांपैकी निम्म्याहून अधिक बिले वेळेवर चुकती झालेली नव्हती. एका कचेरीची थकबाकी ६६,००० डॉलर होती. पैसे न आल्यामुळे कंपन्यांनी काही ठिकाणी सरकारला बोलणे पोचविणाऱ्या लाइनीच तोडल्या होत्या! न्यायाधीशाचा हुकूम जागच्या जागी राहिला आणि वसुली कारकुनाने काम बंद पाडले.

पुढचा प्रसंग हसण्यासारखा नाही. तो ग्रीसमधला आहे, कारण ऐकण्याची अशी सोय युरोपातल्या एक्सचेंजांतही बसत होती. अथेन्समध्ये व्होडाफोन कंपनीकडे एरिक्सनची यंत्रे होती. त्यांच्या सुधारित आज्ञावलीबरोबर ऐकण्याची शक्ती आत आली; पण कोणाच्या हुकुमाने कोणाचे बोलणे ऐकले जात आहे याची नोंद ठेवणारा भाग कंपनीने विकत घेतलेला नव्हता. यंत्र आले, वही आली नाही. अज्ञात माणसांनी त्या सोयीचाच उपयोग करून २००४ च्या ऑलिंपिकच्या सुमारापासून मार्च २००५ पर्यंत शंभरावर टेलिफोन ऐकले. त्यांत खुद्द पंतप्रधान करामन्लिस यांचा होता. उलगडा होताच कंपनीने ती चोरटी आज्ञावली काढून टाकली आणि तिच्याबरोबर चोराचा मागही पुसला गेला. दुसऱ्याच दिवशी कंपनीचा एक अधिकारी घरी मृतावस्थेत सापडला. त्या मृत्यूवरचा वाद वर्षानुवर्षे चालला. २००६ साली कंपनीला ७ कोटी ६० लाख युरो दंड झाला. अमेरिकेतही २०२४ साली असेच घडले. चीनशी संबंध असलेल्या हल्लेखोरांनी टेलिफोन कंपन्यांच्या यंत्रणेत शिरून न्यायालयीन हुकुमांखाली मागविलेल्या माहितीपैकी काही माहिती उचलली, हे तेथील सरकारी खात्यांनी नोव्हेंबरमध्ये मान्य केले. जे दार कायद्याने भिंतीत ठेवले, त्याच दाराने चोर आला.

मग कलम १०५ मधला तो माणूस कोठे गेला? त्याचे उत्तर सान फ्रान्सिस्कोत मिळते. तेथे एटी अँड टी कंपनीत मार्क क्लाइन नावाचे तंत्रज्ञ होते. काचतंतूतून जाणारा प्रकाश दुभागून त्याची एक शाखा ६४१ए या बंद खोलीत नेली जाते, आणि त्या खोलीत नेहमीच्या तंत्रज्ञांना मज्जाव आहे, हे त्यांच्या ध्यानात आले. हे काम न्यायाधीशाच्या एखाद्या माणसापुरत्या हुकुमाचे नव्हते, सरसकट होते. कामाचे कागद त्यांनी जपून ठेवले, २००४ साली ते निवृत्त झाले, आणि २००६ साली त्यांनी ते कागद नागरिक हक्कांच्या वकिलांकडे नेऊन दिले. २००८ साली काँग्रेसने कंपन्यांना मागील कृत्यांबद्दल खटल्यांपासून अभय देणारा कायदा केला.

श्रोतेहो, या माणसाचे धैर्य मोठे, यात शंका नाही. पण तो बोलला तो निवृत्तीनंतर, हेही पाहा. ज्याच्या नोकरीची मुदत सहा महिन्यांची आहे, ज्याचा खरा मालक कोण हे त्याला स्वतःलाही नीट माहीत नाही, तो सरकारी माणसाला ‘आधी हुकुमाचा कागद दाखवा’ असे कशाच्या बळावर म्हणणार? कायद्याने नागरिकाच्या गुप्ततेच्या दारावर एक नोकर पहारेकरी म्हणून उभा केला. कंत्राटांच्या साखळीने तो पहारेकरी दुबळा केला. म्हणून अशा कामाचे कंत्राट निघेल तेव्हा त्याची किंमत विचारण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. कळ कोण दाबणार? त्याची नोंद कोण ठेवणार? आणि नाही म्हणणाऱ्या माणसाची नोकरी शाबूत राहणार की नाही? कामगाराच्या नोकरीची शाश्वती हा केवळ त्याच्या पोटाचा प्रश्न आहे, असे पुष्कळ सुशिक्षित माणसे आम्हांला आजवर सांगत आली. हा इतिहास वाचल्यावर त्यांनी आपल्याच टेलिफोनकडे एकवार पाहावे, एवढीच आमची विनंती आहे.