काळा दगड आणि चंद्रावरची वस्ती

यवतमाळ जिल्ह्याच्या उत्तर व पश्चिम भागांतील शेतकऱ्याला काळ्या दगडाचें अप्रूप नाहीं. विहीर खणावयाची तर हाच फोडावा लागतो, बांध घालावयाचा तर हाच रचावा लागतो; आणि ज्या काळ्या मातींत त्याची कपाशी उभी राहते, ती तरी याच दगडाची युगायुगांची झीज होय. भूशास्त्रज्ञ त्याला बेसाल्ट म्हणतात. सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं भूमीला भेगा पडून शिलारस वाहिला, थरांवर थर चढले आणि दख्खनचें पठार सिद्ध झालें. या परिचित दगडाचें आकाशाशीं नातें आहे, हें मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत उमगलें.

त्या नात्याची खूण शेजारीं, बुलढाणा जिल्ह्यांत, लोणारला होती. तेथील सरोवर विष्णूनें लोणासुराचा वध केला त्या जागीं झालें, अशी लोककथा आहे. १८२३ सालीं अलेक्झांडर नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें त्याची नोंद केली. सुमारें १.८ किलोमीटर व्यासाचा व दीडशें मीटर खोलीचा हा वाटोळा खळगा विद्वानांनीं दीर्घकाळ ज्वालामुखीचाच मानला. जेथला दगड न् दगड अग्निजन्य, तेथें दुसरें कारण शोधावें तरी कां?

२० जुलै १९६९ रोजीं अपोलो ११ हें यान चंद्राच्या शांतिसागरांत उतरलें. हे 'सागर' म्हणजे ज्यांत आजीबाई नातवंडांना ससा दाखविते ते काळे डाग. तेथून आणलेल्या दगडांत बेसाल्ट निघाला. वयानें साडेतीन अब्जांहून अधिक वर्षांचा, जवळजवळ निर्जल, परंतु जातीनें तोच. मग अशा खडकावर उल्का आदळली म्हणजे काय होतें, हें पृथ्वीवर कोठें पाहावें? कर्ट फ्रेडरिकसन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं लोणारच्या तळाशीं वेध घेतला. चुरडलेला खडक आणि प्रचंड दाबानें काच झालेले स्फटिक हातीं आले, आणि १९७३ सालीं लोणार हें उल्काघाताचें विवर असल्याचें त्यांनीं प्रसिद्ध केलें.

यवतमाळलाहि असा एक पुरावा सांपडला आहे. या दशकाच्या आरंभीं जिल्ह्याच्या आग्नेय भागांत शिबला-पार्डी येथें रस्त्याचें काम चालू असतां बेसाल्टचे पैलूदार स्तंभ उघडे पडले. चंद्रपूरचे अभ्यासक सुरेश चोपणे यांनीं त्यांकडे लक्ष वेधलें. आटलेल्या तळ्यांतील गाळ जसा तडकतो, तसाच निवणारा शिलारस आकसून तडकतो व असे खांब उभे राहतात. मंगळाभोंवतीं फिरणाऱ्या यानानें टिपलेल्या चित्रांत अशाच स्तंभांची रांग दिसली, आणि तो शिलारस पाण्याच्या सान्निध्यांत निवला असावा, असें अनुमान २००९ सालीं मांडण्यांत आलें.

भावी मोहिमांना या विद्येची मोठी गरज आहे. चंद्राच्या मध्य पट्ट्यांत तपमान दिवसा सुमारें १२० अंशांवर चढतें, तर रात्रीं शून्याखालीं १३० अंशांपर्यंत उतरतें. वातावरण नसल्यामुळें घातक किरणांना व उल्काकणांना आडकाठी नाहीं. अशा ठिकाणीं मनुष्यानें राहावें कोठें? शिलारसाचा ओघ वरून थिजला व आंतून वाहून गेला, म्हणजे मागें पोकळ बोगदा राहतो. चांद्रयान-१ च्या चित्रांवरून भारतीय संशोधकांनीं २०११ सालीं अशा सुमारें १.७ किलोमीटर लांबीच्या एका बोगद्याचें वर्णन केलें. शांतिसागरांतील एका खोल विवराच्या सावलींत तपमान १७ अंशांच्या आसपास राहतें, असें २०२२ सालीं अमेरिकन संशोधकांनीं दाखविलें. राहिला बांधकामाचा प्रश्न. पृथ्वीवरून विटा वाहून नेणें परवडावयाचें नाहीं. म्हणून तेथलीच धूळ हजार-अकराशें अंशांवर भाजून विटा कराव्या, आणि तिच्या वजनाचा चार-दशांशांहून अधिक भाग असलेला प्राणवायु वेगळा काढावा, असे प्रयोग चालले आहेत.

परंतु चंद्रावरचें काम आधीं भूमीवर करून पाहावें लागतें. चंद्राच्या उंच प्रदेशांतील पांढुरक्या मातीसाठीं भारतीय अवकाश संशोधन संस्थेनें तामिळनाडूंतील सित्तमपुंडीचा दगड दळून कृत्रिम चांद्रमाती केली. उतरण्याच्या तयारींत तिचा उपयोग झाला, आणि २३ ऑगस्ट २०२३ रोजीं विक्रम सुखरूप उतरला. काळ्या सागरांसाठीं काळाच दगड हवा, आणि त्याचे डोंगर महाराष्ट्रांत उभे आहेत.

दगड मुबलक आहे; दुर्मिळ आहे ती त्याच्यावरची लिपि. लोणारच्या कांठावरील विखुरलेला मलबा किंवा शिबला-पार्डीचे स्तंभ खडी करण्याच्या यंत्रांत गेले, तर तो लेख पुन्हा लिहितां यावयाचा नाहीं. ज्या पिढीला परग्रहावर घर बांधावयाचें आहे, तिनें आपल्या गांवच्या रस्त्याकडेचा दगड फोडण्यापूर्वीं एकदां वाचावा, एवढाच या इतिहासाचा बोध.