जात्यापासून युरियाच्या गोणीपर्यंत

एका भाकरीला किती सरपण लागते, हा प्रश्न बायकांचा समजून आपल्या इतिहासकारांनी सोडून दिलेला दिसतो. पानिपताची तारीख आपल्याला पाठ असते. पण आपल्या घरचे दळण जात्यावरून चक्कीवर कोणत्या साली गेले, हे विचारले तर घरातील वडीलधारी माणसेसुद्धा एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. मी शाळा नववीत सोडली. हमाल आणि तेलगिरणीतले कामगार यांच्यात माझे आयुष्य गेले. त्यामुळे अन्नाला लागणाऱ्या शक्तीचा विचार माझ्या मनात प्रथम आला तो पाठीवर ओझे असतानाच.

आधी मापाचे सांगतो. धडधाकट माणूस दिवसभर राबला तर सुमारे ७५ वॅट या हिशेबाने काम करतो. आठ तासांचे झाले ०.६ युनिट. बिलावरचा दर पाहिला तर हे काम पाच-सात रुपयांचेही भरत नाही! एक लिटर डिझेल चांगल्या इंजिनात जाळले तर त्यातून साधारण तीन युनिट काम निघते, म्हणजे एका माणसाचे पाच दिवस. हे दोन आकडे ध्यानात ठेवावेत. पुढचा सारा इतिहास त्यांच्यात आहे.

या इतिहासाचे एक महत्त्वाचे पान आपल्या पिपरीपासून सायकलीच्या अंतरावर लिहिले गेले. १९३४ च्या डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि मगनवाडीत त्याचे काम सुरू झाले. जे. सी. कुमारप्पा हे त्याचे चिटणीस. तेथे झवेरभाई पटेलांनी बैलघाणीत सुधारणा केल्या, तीच पुढे ‘वर्धा घाणी’ म्हणून देशभर गेली. धूर कमी करणारी मगन चूलही तिथलीच. लोक याला खादीवाल्यांचा छंद म्हणत. परंतु कुमारप्पांचा हिशेब पक्का होता. १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ या ग्रंथात त्यांनी निसर्गाच्या देण्याचे दोन भाग पाडले : कोळसा आणि तेल हा साठा, उपसला तेवढा कमी होणारा; ऊन, पाऊस, वनस्पती, जनावरांचे बळ हा वाहता प्रवाह. माणसाने शक्यतो प्रवाहावर जगावे, असे त्यांचे सांगणे.

बैलघाणी प्रवाहावर चालत होती, यात शंका नाही. बैलाने कडबा खाल्ला, घाणी फिरवली, शेण दिले. ढेपेत थोडे तेल राही, ते जनावराच्याच पोटात जाई. सॉल्व्हंटचा कारखाना पेट्रोलियमपासून काढलेल्या हेक्झेनने तेही बहुतेक सारे काढून घेतो. पण एक गोष्ट मी येथे स्पष्ट बोलतो. घाणीबरोबर जात्याचेही गुणगान होते, तेव्हा मला ते पटत नाही. माझी आई पहाटे चार वाजता जात्याला बसे, आणि दिवस उजाडला की निंदणाला जाई. गावात चक्की आली त्या दिवशी तिने काही तत्त्वज्ञान सांगितले नाही, पण झोपून मात्र सहापर्यंत राहिली. प्रवाह कोणाच्या दंडांतून वाहतो, हा प्रश्न कामगाराच्या पोराने विचारलाच पाहिजे.

चक्कीनंतर मोट गेली, डिझेल इंजिन आले. मग खांब आले, विजेचा पंप आला. रब्बीत मात्र शेतीची वीज पुष्कळदा रात्री मिळे, अजूनही अनेक ठिकाणी मिळते. विजेच्या हिशेबात न बसणारी साप-विंचवाची किंमत शेतकऱ्याने त्यात भरली. ज्वारीच्या जागी आमच्याकडे सोयाबीन आले. तेव्हा दाण्याबरोबर कडबाही गेला. कडबा गेला म्हणून बैल गेला, बैल गेला म्हणून शेणखत गेले. (सोयाबीन आपले नत्र बरेचसे आपणच हवेतून घेते, हा त्या बिचाऱ्या पिकाचा गुण, पण शेजारच्या कपाशीला ते भागत नाही.) उरलेली जागा गोणीने भरून काढली.

ही गोणी म्हणजे काय, ते पाहू. हवेतील नत्रापासून अमोनिया करण्याची युक्ती जर्मनीत फ्रिट्झ हाबरने १९०९ मध्ये दाखवली आणि कार्ल बॉशने १९१३ मध्ये ती कारखान्यात उतरवली. आपल्याकडे सिंद्रीचा कारखाना १९५१ चा, तुर्भ्याचा १९६५ चा. युरिया बनवायला आज मुख्यतः नैसर्गिक वायू लागतो आणि त्या वायूचा मोठा हिस्सा आपण परदेशातून आणतो. एक टन युरियाला ढोबळमानाने ६० लाख किलोकॅलरी खर्च होतात. म्हणजे ४५ किलोच्या एका गोणीत सुमारे तीस लिटर डिझेलची शक्ती मुरलेली असते. माणसाच्या जेवणात मोजली तर ती एका माणसाचे शंभराहून अधिक दिवसांचे अन्न होते.

देशाचे आकडे असे : १९५०-५१ साली धान्य सुमारे ५ कोटी १० लाख टन होते, २०२३-२४ मध्ये ते ३३ कोटी टनांच्या वर गेले, म्हणजे साडेसहा पट. याच काळात रासायनिक खत, पोषकद्रव्यांत मोजले तर, ७० हजार टनांच्या आतून सुमारे ३ कोटी टनांवर गेले. ही वाढ चारशे पटींहून अधिक! यावरून खत वाया गेले असे कोणी म्हणेल तर तो उतावळेपणा होईल. १९६६ च्या सुमाराची अमेरिकन गव्हाची रांग वडिलांनी पाहिली होती. परंतु पूर्वी अन्नातून शक्ती मिळत होती. आता अन्न पिकवायलाच साठ्यातली शक्ती ओतावी लागते, हे खरे आहे. चुलीचेही तसेच. पऱ्हाटी आणि तुराटीच्या जागी सिलिंडर आला, बायकांचे डोळे वाचले, आणि त्या गॅसचा निम्म्याहून अधिक भाग बाहेरून येऊ लागला.

सध्या वारे उलट वाहू लागले आहे. महाराष्ट्रात २०१७ पासून सौर कृषी वाहिनी आणि २०१९ पासून केंद्राची कुसुम योजना आहे. उन्हावर पंप चालतो, आणि दिवसा चालतो. कुमारप्पांना हे आवडले असते. मात्र विहिरीतले पाणी हाही साठाच आहे. फुकटच्या उन्हावर पंप दिवसभर चालू ठेवला तर एक साठा वाचवून आपण दुसरा उपसू.

आता माझ्या माणसांचे. माथाडी कायदा १९६९ चा. मी कामाला लागलो तेव्हा क्विंटलची गोणी पाठीवर घेत असू, आणि एका मुकादमाने माझ्या तीन आठवड्यांच्या हजेऱ्या गिळल्या, त्यातून मी संघटनेत आलो. २०१८ मध्ये युरियाची गोणी ५० वरून ४५ किलोची झाली. ती खत कमी वापरले जावे म्हणून. हमालाचा विचार त्यात कोणी केल्याचे ऐकिवात नाही. वायू समुद्रापारहून जहाजाने येतो, खत विजेच्या इंजिनामागून शेकडो मैल येते, आणि वॅगनच्या दारापासून ट्रकच्या फळीपर्यंतचे शेवटचे वीस पावलांचे अंतर अजून तोच ७५ वॅटचा माणूस तोडतो. सकाळी तो दोन भाकरी आणि मिरचीचा ठेचा खाऊन आलेला असतो.