अद्ययावत सर्व्हर, हरवलेले फोल्डर : सामायिक फाइलींचा चाळीस वर्षांचा इतिहास

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचे नियमित साहाय्य संपले आणि देशभरातील विद्यापीठे, संशोधनसंस्था व कार्यालये यांना नव्या आवृत्तीकडे वळणे भाग पडले. अशा प्रत्येक स्थित्यंतरात एक तक्रार हमखास ऐकू येते. काल उघडणारे सामायिक फोल्डर आज उघडत नाही. किंवा सकाळी उघडते आणि दुपारी अडते. दोष बहुधा केबलला किंवा स्विचला दिला जातो. खरे कारण मात्र पुष्कळदा इतिहासात दडलेले असते.

दुसऱ्या संगणकावरील फोल्डर उघडणे म्हणजे दोन यंत्रांमधील एक संभाषण होय. समोरच्याचे नाव शोधणे, दोघांना कळणारी बोली ठरवणे, ओळख पटवणे, परवानगी तपासणे आणि एकाच फाइलवर दोघांनी एकाच वेळी लिहू नये म्हणून कुलूप लावणे, असे त्याचे टप्पे असतात. हे टप्पे एकाच काळात घडलेले नाहीत. प्रत्येकावर आपापल्या दशकाचा ठसा आहे.

१९८० च्या दशकाच्या प्रारंभी आयबीएममध्ये बॅरी फायगेनबॉम यांनी एसएमबी या नियमावलीचा पाया घातला. पुढे मायक्रोसॉफ्टने ती स्वीकारली आणि वाढवली. एका इमारतीतील मोजके संगणक आणि त्यांचा परस्परांवरील विश्वास हे त्या काळाचे गृहीतक होते. एखाद्या यंत्राचा पत्ता हवा असल्यास जाळ्यातील सर्वांना हाक मारायची आणि ज्याचे नाव असेल त्याने उत्तर द्यायचे, अशी ही साधी व्यवस्था होती. त्या नावांना १५ अक्षरांची मर्यादा होती.

त्याच दशकात सन मायक्रोसिस्टिम्सने एनएफएस ही वेगळ्या विचारांची पद्धत आणली. तिचा सर्व्हर मुद्दाम विस्मरणशील ठेवलेला होता. कोणत्या ग्राहकाने कोणती फाइल उघडली आहे याची नोंद तो ठेवत नसे. प्रत्येक फाइलसाठी तो ग्राहकाला एक खूणचिठ्ठी देई आणि ग्राहकाने पुढची प्रत्येक विनंती ती चिठ्ठी दाखवून करायची असे. सर्व्हर बंद पडून पुन्हा सुरू झाला तरी काही बिघडत नसे. ग्राहक तीच विनंती पुन्हा पुन्हा करत थांबून राही. म्हणूनच एनएफएसवरील प्रोग्रॅम कधीकधी गोठल्यासारखा दिसतो. हे गोठणे बिघाड नसून रचनाच आहे. घाईने वाट पाहणे सोडून देणारी जोडणी निवडल्यास प्रोग्रॅम गोठत नाही. पण अर्धवट लिहिलेली विदा मागे राहण्याचा धोका उद्भवतो.

या खूणचिठ्ठीत फाइल ज्या फाइलव्यवस्थेवर आहे तिची ओळखही असते. सर्व्हरचे सॉफ्टवेअर अद्ययावत झाल्यावर डिस्कला नवा अंतर्गत क्रमांक मिळाला आणि ओळख त्या क्रमांकावर बेतलेली असली, तर जुन्या सर्व चिठ्ठ्या निरर्थक ठरतात. फाइल जागेवर असते, जाळे सुरळीत असते, तरीही ग्राहकाला ‘चिठ्ठी शिळी झाली’ अशा अर्थाचा संदेश मिळतो. म्हणून अनुभवी व्यवस्थापक ही ओळख सर्व्हरच्या मांडणीत स्वतः लिहून कायम करतात.

या दोन जगांमध्ये पूल बांधला तो ऑस्ट्रेलियातील एका संशोधक विद्यार्थ्याने. कॅनबेरा येथील ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत शिकणाऱ्या अँड्र्यू ट्रिजेल यांना युनिक्स सर्व्हरवरील फाइली आपल्या डॉस संगणकावर हव्या होत्या. नियमावलीचा मसुदा हाती नव्हता. त्यांनी जाळ्यातून जाणारे संदेश टिपले, कोणत्या प्रश्नाला कोणते उत्तर येते ते न्याहाळले आणि त्यावरून नियम ताडले. फ्रेंच येत नसताना फ्रेंच उपाहारगृहात बसून, लोक काय मागतात आणि त्यांना काय मिळते हे पाहत भाषा शिकण्याशी त्यांनी पुढे या पद्धतीची तुलना केली. १९९२ च्या आरंभी त्याची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. नंतर नाव बदलण्याची वेळ आली, तेव्हा त्यांनी एस, एम आणि बी ही अक्षरे क्रमाने येणारे शब्द शब्दकोशातून शोधले आणि ‘सांबा’ हे नाव निवडले. आज लहानमोठ्या असंख्य साठवण उपकरणांच्या पोटात सांबाच काम करत असते.

मूळ एसएमबीतील विश्वासाची किंमत २०१७ मध्ये जगाला मोजावी लागली. तिच्या पहिल्या आवृत्तीच्या अंमलबजावणीतील एका गंभीर त्रुटीवर मायक्रोसॉफ्टने १४ मार्चला दुरुस्ती दिली होती. महिन्याभरात त्या त्रुटीचा फायदा घेणारे हत्यार जगजाहीर झाले आणि १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ने सुमारे १५० देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक ओलीस धरले. भारतात आंध्र प्रदेश पोलिसांच्या काही संगणकांना त्याची झळ बसली. २७ जूनला ‘नॉटपेट्या’ आला. त्याने मर्स्क कंपनीच्या यंत्रणा कोलमडल्या आणि मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील तिच्या समूहाच्या टर्मिनलचे कामकाज विस्कळीत झाले. मार्चमधली दुरुस्ती असंख्य ठिकाणी बसवलीच गेली नव्हती.

यानंतर दारे एकेक करून बंद होऊ लागली. ऑक्टोबर २०१७ च्या विंडोज १० आवृत्तीपासून नव्या मांडणीत पहिली एसएमबी आपोआप येईनाशी झाली. २०१९ मध्ये सांबानेही आपल्या ४.११ आवृत्तीत ती मूलतः बंद ठेवली. तिच्यासोबत शेजारचे संगणक दाखवणारी जुनी यादीही गेली. त्यामुळे ‘नेटवर्क’ची खिडकी रिकामी दिसते, पण पत्ता थेट लिहिला तर फोल्डर उघडते, असा चमत्कारिक अनुभव अनेकांना आला. २०२४ च्या विंडोज ११ आवृत्तीने व्यावसायिक संगणकांवर प्रत्येक संदेशाला स्वाक्षरी सक्तीची केली. स्वाक्षरीची किल्ली पासवर्डवरून सिद्ध होते. पासवर्डविना येणाऱ्या पाहुण्याकडे किल्लीच नसते, म्हणून पाहुण्यांसाठी खुली ठेवलेली जुनी फोल्डरे एका रात्रीत बंद झाल्यासारखी वाटली.

सुरक्षेची दुरुस्तीही निर्दोष असतेच असे नाही. १२ एप्रिल २०१६ रोजी ‘बॅडलॉक’ त्रुटीसाठी सांबाने नव्या आवृत्त्या दिल्या. त्यांच्यामुळे काही ठिकाणी चालू व्यवस्था मोडली आणि काही आठवड्यांतच दुरुस्तीची दुरुस्ती द्यावी लागली.

म्हणून निदानाचा क्रमही इतिहासाच्या थरांप्रमाणेच लावावा लागतो. नावाने फोल्डर उघडत नाही पण आकडी पत्त्याने उघडते, तर दोष नावशोधात आहे. पत्त्यानेही संपर्क लगेच तुटत असेल, तर दोघांची बोली जुळत नसावी. पासवर्ड बरोबर असून नाकारला जातो, तर घड्याळे पाहावीत. कर्बरॉस या ओळखपद्धतीत साधारण पाच मिनिटांहून अधिक तफावत चालत नाही. फाइली दिसतात पण त्यांची मालकी ‘कोणीच नाही’ अशी दिसते, तर एनएफएसच्या चौथ्या आवृत्तीतील नावांची जुळणी बिघडलेली असू शकते. दोष अधूनमधून उद्भवत असेल, तर एकाच नावामागे दोन सर्व्हर असून त्यांपैकी एकच अद्ययावत झाला आहे का, हे तपासावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, तिची नोंद ठेवावी आणि सर्व्हरची नोंदवही प्रथम वाचावी. प्रयोगशाळेतील शिस्त येथेही तितकीच उपयोगी पडते.

सर्वांत मोठा मोह असतो तो जुनी एसएमबी पुन्हा सुरू करण्याचा. अनेक प्रयोगशाळांत वर्णपटमापक किंवा सूक्ष्मदर्शक यांना जोडलेला संगणक कालबाह्य प्रणालीवरच चालतो आणि उपकरण बदलणे परवडत नाही. एक खूण केली की फोल्डर दिसू लागते. परंतु २०१७ चे दारही त्याच खुणेने उघडते. अशा यंत्राला वेगळ्या, बंदिस्त जाळ्यात ठेवून त्याची विदा मधल्या एका सर्व्हरमार्फत बाहेर आणणे हा अधिक कष्टाचा, पण सुरक्षित मार्ग आहे. वर्षानुवर्षांची मोजमापे त्या डिस्कवर असतात. ती उद्याही वाचता यावीत यासाठी एवढे कष्ट फार नाहीत.