दरेकसाचा घाट आणि चहाच्या मळ्यांची वाट

‘माणसांचा अपव्यापार’ ही संज्ञा भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २३ मध्ये वेठबिगारीच्या शेजारीच आढळते. संयुक्त राष्ट्रांच्या २००० सालच्या पालेर्मो करारात या अपव्यापाराची व्याख्या तीन अंगांनी केलेली आहे: माणूस मिळवणे वा हलवणे, त्यासाठी फसवणूक, बळजोरी किंवा त्याच्या अगतिकतेचा उपयोग करणे, आणि त्यामागे शोषणाचा हेतू असणे. व्याख्या अलीकडची असली, तरी तिच्या चौकटीत बसणारा व्यवहार ब्रिटिशकालीन मध्य प्रांतात एकोणिसाव्या शतकातच रुळलेला होता आणि त्याला बऱ्याच अंशी कायद्याचे पाठबळही होते.

या व्यवहाराची एक वाट दरेकसावरून जाई. गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यातील हे गाव महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला, डोंगरगडच्या बाजूच्या जंगलमुलखात वसलेले आहे. नागपूर-छत्तीसगड रेल्वेचा मीटरगेज मार्ग १८८२ मध्ये राजनांदगावपर्यंत पोहोचला. पुढे बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीने तो ताब्यात घेऊन रुंद केला आणि १८९१ मध्ये आसनसोलपर्यंतची वाट खुली झाल्यावर भंडारा जिल्ह्यातून (गोंदिया जिल्हा त्यातूनच १९९९ साली वेगळा झाला) बंगालकडे जाणारी गाडी दरेकसावरूनच धावू लागली. मार्ग बांधण्यामागे छत्तीसगडचे धान्य बाहेर काढण्याचा हिशोब होता. परंतु १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दुष्काळांत त्याच मार्गाने मध्य प्रांतातली, विशेषतः छत्तीसगडातली, माणसेही आसामच्या चहाच्या मळ्यांकडे निघाली.

ही भरती दोन प्रकारच्या माणसांकडून होई. अरकाटी म्हणजे दलाल, ज्याला मोबदला माणशी मिळे आणि म्हणून माणूस कसा मिळवला याची फिकीर नसे. सरदार म्हणजे मळ्यातलाच मजूर, जो आपल्या मुलखात परत येऊन गाववाल्यांना व नातलगांना सोबत नेई. सरदाराची भरती सरकारला अधिक भरवशाची वाटे. विश्वास मात्र अनोळखी दलालापेक्षा ओळखीच्या माणसावर अधिक बसतो, आणि त्यामुळे फसवणूकही त्याच्याकडूनच सोपी होते, ही बाब त्या काळच्या धोरणात फारशी विचारात घेतलेली दिसत नाही.

कायद्याची बाजू अधिक बोलकी आहे. १८५९ च्या तेराव्या कायद्यानुसार आगाऊ रक्कम घेऊन काम सोडणाऱ्या मजुराला तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकत असे, म्हणजे दिवाणी स्वरूपाचा करारभंग फौजदारी गुन्हा ठरत असे. १८६५ च्या कायद्याने पुरुषास पाच, स्त्रीस चार व मुलास तीन रुपये असे किमान मासिक वेतन ठरवून दिले, पण त्याच कायद्याने पळालेल्या मजुराला वॉरंटाशिवाय पकडण्याचा अधिकार मळेवाल्याला दिला; १८८२ मध्ये कराराची मुदत पाच वर्षांपर्यंत वाढली. अंगठा उठवला की माणूस मुदतीपुरता मळेवाल्याच्या स्वाधीन होई, आणि संरक्षणासाठी म्हणून केलेला कायदाच त्या स्वाधीनतेची राखण करी. वॉरंटाशिवाय अटकेचा अधिकार १९०८ मध्ये गेला, कंत्राटी दलालांमार्फत होणारी भरती १९१५ मध्ये बंद झाली आणि १८५९ चा कायदा १९२६ मध्ये नाहीसा झाला. तरीही आगाऊ रकमेचे बंधन कायद्याबरोबर संपले नाही: वेठबिगारी निर्मूलनाचा स्वतंत्र कायदा १९७६ साली करावा लागला, आणि किमान वेतनापेक्षा कमी मजुरी देऊन घेतलेले काम अनुच्छेद २३ मधील सक्तीच्या श्रमात मोडते हे सर्वोच्च न्यायालयाला १९८२ मध्ये, आशियाई खेळांच्या बांधकामांवरील मजुरांच्या प्रकरणात, स्पष्ट करावे लागले.

मळ्यांवर नेलेल्यांत गोंडही होते. दरेकसाजवळच्या कचारगडच्या गुहेशी या समाजाची एक उत्पत्तिकथा निगडित आहे. तीत गुहेत कोंडलेल्या पूर्वजांची सुटका होते. माघ पौर्णिमेच्या सुमारास तेथे अनेक राज्यांतून गोंड भाविक येतात. महाराष्ट्र, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडात गोंड अनुसूचित जमात आहेत. आसामच्या मळ्यांवर नेलेल्या गोंडांचे वंशज मात्र तेथे चहा-जमातींत मोजले जातात आणि अनुसूचित जमातीच्या दर्जाची मागणी अजून करीत आहेत.