शिकी, मासाओका : रुग्णशय्येवरची कविता

मासाओका शिकी (१८६७–१९०२) : जपानी कवी, समीक्षक आणि पत्रकार. शिरीष पै यांच्यामुळे मराठीत रुजलेल्या हायकूला साखळीकवितेतून सोडवून स्वतंत्र कविता म्हणून उभे केले ते शिकीने. आजारपणाच्या कवितेतही त्याची जागा वरची आहे.

जन्म मात्सुयामाचा. १८८९ मध्ये खोकल्यातून रक्त पडू लागले. १८९५ मध्ये युद्धवार्ताहर म्हणून हट्टाने चीनला गेला आणि प्रकृती पुरती ढासळवून परतला. पुढे क्षय मणक्यात उतरला. तोक्योतल्या नेगिशी भागात, आई याए आणि बहीण रित्सु यांच्या देखभालीत, त्याची अखेरची वर्षे अंथरुणात गेली.

जे दिसते ते जसेच्या तसे रेखाटावे, हा शिकीचा काव्यविचार चित्रकारांकडून आलेला. फिरता येत होते तोवर शेते, देवळे, फळे हे विषय होते. मग उरले अंगण आणि स्वतःचे शरीर. १८९६ च्या एका प्रसिद्ध हायकूत आजारी माणूस बर्फ किती साचले हे पुन्हा पुन्हा विचारतो, एवढेच घडते. वेदना हा शब्दही नाही. उठून पाहता येत नाही हे वाचकानेच ओळखायचे. पुढे शिष्य क्योशीने कागदी सरकत्या दाराला काच बसवून दिली आणि बाग पडल्या पडल्या दिसू लागली. डावा पाय सरळ होईना, म्हणून गुडघ्यापुरती खाच पाडलेले मेज करून घेतले होते.

खासगी रोजनिशीत तर संकोचच नाही. जखमांची पट्टी, शौच, रोजच्या जेवणाची लांबलचक यादी (खादाड तो होताच), बहिणीवरचा राग, सगळे सारख्याच बारकाईने नोंदलेले. ऑक्टोबर १९०१ मध्ये घरात एकटा असताना जीव द्यावासा वाटला. हाताशी असलेल्या चाकूचे आणि टोच्याचे त्याने रोजनिशीत चित्र काढून ठेवले. रित्सुवर मात्र त्याने अन्याय केला. तिच्या कष्टांवरच हे लेखन तगले होते.

‘सहा फुटी रुग्णशय्या’ हे त्याचे सदर मे १९०२ पासून ‘निप्पोन’ वृत्तपत्रात आले. १२७ वा, शेवटचा हप्ता मृत्यूच्या दोन दिवस आधीचा. कफावर घोसाळ्याच्या वेलीचे पाणी देत, म्हणून दारात वेल चढवला होता. १८ सप्टेंबरला, पडल्या पडल्या, दुसऱ्याने धरलेल्या कागदावर त्याने तीन हायकू लिहिले. तिन्ही त्या घोसाळ्यावरचे, आणि त्यांत स्वतःच्या कफाची थट्टा आहे. मध्यरात्रीनंतर तो गेला.

स्वतःचा स्मृतिलेख त्याने १८९८ मध्येच लिहून ठेवला होता. त्यात नावे आहेत, गाव आहे, नोकरी आहे, मृत्यूच्या तारखेसाठी मोकळी जागा आहे आणि शेवटी महिना ४० येन पगार आहे. आजाराचा उल्लेख नाही.